पुरात बुडालेली गाडी आणि दोन बार: एका छोट्या गाडीची चासी घट्ट करण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. रोजचं काम म्हणजे जिग-फिक्स्चर (काम करताना वस्तू नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे), मशीनचे गार्ड, फाउंड्रीवाल्यांच्या ट्रॉल्या. गाड्यांचं काम मी धंदा म्हणून घेत नाही. पण 2022 च्या दिवाळीनंतर गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला असलेला तरुण आपली गाडी घेऊन दारात उभा राहिला आणि पुढचे चार-पाच महिने त्या गाडीने माझं डोकं व्यापून टाकलं. ओळख कळू नये म्हणून त्याला इथे नुसतं मालक म्हणतो. गाडीचं मॉडेलही सांगत नाही. एवढं पुरे की ती 2001 ची छोटी हॅचबॅक आहे, पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून रस्त्यावर ठेवलेली.

मालकाचं गाव वैभववाडीच्या बाजूला. महिन्यातून दोनदा तरी गगनबावड्यावरून घाट उतरून जाणं-येणं. त्या वळणांवर गाडी 'उशिरा वळते' अशी त्याची तक्रार होती. स्टीअरिंग फिरवलं की आधी काहीतरी आत सैल होतं आणि मग गाडी वळते. मित्राच्या नव्या गाडीत बॉनेटखाली आडवा बार त्याने पाहिला होता. बाजारात मिळणारा एक तयार बार आणून बघितला, तर भोकं जुळेनात. म्हणून तो माझ्याकडे. "काका, असा एक बार करून द्या की. पाईप मी आणतो."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती, पण बोलण्याच्या ओघात, आणि मी ती तशीच सोडून दिली. 2019 च्या ऑगस्टमध्ये गाडी शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ उभी होती. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडून तीन दिवस पाण्यात होती. नंतर इंजिन खोललं, वायरिंग बदललं, सीटा धुतल्या. आणि एका गॅरेजने खालून सगळीकडे काळं अंडरबॉडी कोटिंग मारून दिलं, 'आता गंज लागणार नाही' म्हणून.

अडचण नेमकी कुठली होती

आपण 'चासी' म्हणतो खरं, पण अशा गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचे भाग एकमेकांना स्पॉट वेल्डने, म्हणजे ठरावीक अंतरावर ठिपक्यांसारखे टाके मारून, जोडून सगळी बॉडीच ताकदीची केलेली असते. पुढची दोन्ही चाकं ज्या शॉकअपवर उभी असतात, त्यांची वरची टोकं बॉनेटखालच्या दोन पत्र्याच्या कपांत बसतात. त्यांना स्ट्रट टॉवर म्हणतात, आमचे मिस्त्री नुसतं 'कप' म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकावर भार येतो, तो भार त्या कपाला ढकलतो, आणि दोन कपांमधलं अंतर किंचित बदलतं. अंतर बदललं की चाकाचा कलही बदलतो. दोन्ही कप आडव्या बारने बांधले तर एका कपावरचा भार दोघांत वाटला जातो. बाराचं काम एवढंच.

गाडीची लक्षणं अशी होती: घाटात उजव्या वळणावर स्टीअरिंग उशिरा लागणं, डाव्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यातून करकर आवाज, डाव्या पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजणं. दोन महिन्यांत दोनदा अलाइनमेंट केलं, तर दोन्ही वेळा डाव्या चाकाचा कल वेगळा आला. चौथं लक्षण मालकाने हसत सांगितलं: उजवं पुढचं चाक फुटपाथवर चढवून गाडी लावली की डावं दार नीट लागत नाही, ढकलून लावावं लागतं.

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मी हातातलं काम ठेवून गाडीखाली शिरायला हवं होतं. दार लागत नाही म्हणजे दाराची चौकट वाकतेय, आणि चौकट दोन कपांच्या बारीकशा हालचालीने वाकत नाही. मी मात्र पाईपचा विचार करत बसलो.

पहिला निर्णय: मागितलं ते करून दिलं

पहिला बार मी 25 मिलीमीटर बाहेरच्या व्यासाचा आणि 2 मिलीमीटर जाडीचा ईआरडब्ल्यू (पट्टी गोल वळवून शिवण वेल्ड केलेला) पोलादी पाईप घेऊन केला. एअर फिल्टरचा डबा मध्ये येत होता, म्हणून पाईपला दोन्ही टोकांजवळ बाक देऊन मधला भाग साधारण 60 मिलीमीटर वर उचलला. टोकांना आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) लावले, एकाला डावे आटे आणि एकाला उजवे, म्हणजे पाईप फिरवला की लांबी कमी-जास्त करता येईल. दिसायला झकास झाला. लाल रंग मारला. वाघबीळवरून पन्हाळ्यापर्यंत चक्कर मारून मालक परत आला तो खुशीत: "नाद खुळा, काका. एकदम टाईट झालीय."

मला वाटतं ती टाईट झाल्याची भावना खोटी नव्हती. आय-बोल्टमधनं पाईप ताणून बसवल्यामुळे सगळा खुळखुळाट दाबला गेला होता आणि आवाज बंद झाला होता. आवाज बंद झाला की गाडी घट्ट वाटतेच.

सहा आठवड्यांनी करकर परत आली, पहिल्यापेक्षा मोठी. बार काढला तर बार कपावर धरणाऱ्या डाव्या प्लेटचं एक भोक लंबगोल झालेलं, आणि कपाच्या कडेचा रंग केसासारख्या रेषेत फुटलेला.

पहिला बार का फसला

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. सरळ पाईपला दोन्ही टोकांनी दाबलं तर तो किती आखडेल, याचं गणित सोपं आहे. 900 मिलीमीटर लांबीचा तोच पाईप सरळ असेल तर एक हजार न्यूटनला, म्हणजे साधारण शंभर किलो वजनाच्या दाबाला, फक्त 0.03 मिलीमीटर आखडतो. तोच पाईप जवळजवळ पूर्ण लांबीत 60 मिलीमीटर वर उचललेला आणि टोकांना बिजागरीसारखा मोकळा असेल, तर तेवढ्याच दाबाला दीड-पावणेदोन मिलीमीटर जवळ येतो. कारण आता तो नुसता दाबला जात नाही, धनुष्यासारखा वाकतो. म्हणजे बाक दिल्याने माझा बार पन्नासेक पटीने मऊ झाला होता. मी रोज जिग बनवतो. भार ज्या रेषेत जातो त्या रेषेतच लोखंड ठेवायचं, हे पोरांना शिकवतो. तेच इथे केलं नव्हतं.

ॲल्युमिनियमचा घेतला असता तर वेगळं झालं असतं का, असं मालकाने विचारलं. ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण त्याचा ताठपणाही साधारण एक तृतीयांश. तेवढाच ताठ बार करायचा तर पाईप जाड घ्यावा लागतो आणि वजनाची बचत बरीचशी परत जाते. शिवाय ॲल्युमिनियमचं वेल्डिंग चांगलं व्हायला वेगळा हात लागतो. आमच्या गल्लीत पोलाद बरं.

पण बार मऊ असण्याने भोक लंबगोल होत नाही, रंगही फुटत नाही. कपच हलत होता.

मोजणं

इथून पुढे काहीही करायच्या आधी मोजायचं, असं मी ठरवलं. 16 मिलीमीटरचा पाईप घेतला, त्यात सहज सरकेल असा 12 मिलीमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत भरीव सळई), मध्ये घट्ट न बसणारी नायलॉनची बुश. दोन्ही टोकं दोन कपांच्या स्टडवर, म्हणजे शॉकअपचे जे बोल्ट कपातून वर येतात त्यांच्यावर. पाईपच्या तोंडाला टेकवून ब्राइट बारवर एक रबरी ओ-रिंग. गाडी चालताना कप जवळ आले की बार पाईपमध्ये शिरतो आणि पाईपचं तोंड ओ-रिंगला मागे ढकलतं. कप परत लांब गेले तरी ओ-रिंग ढकलली तिथेच राहते. परत आल्यावर ती फट व्हर्निअरने मोजायची. यात फक्त जवळ येण्याची बाजू कळते, लांब जाण्याची नाही. आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

प्रत्येक वेळी रस्ता तोच, वाघबीळ ते पन्हाळा, मालक एकटा, टाकी अर्धी, वळणावर वेग 40. बार न लावता फट आली 2.3 मिलीमीटर. माझा लाल बार लावून आली 1.9. एवढी मेहनत, एवढा रंग, आणि 0.4 मिलीमीटर.

मग जॅक. गाडी फरशीवर सपाट उभी करून उजव्या पुढच्या जॅक पॉइंटखाली जॅक लावला आणि चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचललं. डाव्या दाराची वरची मागची फट दिसेल इतकी आवळली. माझ्याकडे वेल्डिंगला असणारे मामा तोवर वाकून डाव्या कपाखाली बघत होते. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्य डेंटिंगमध्ये गेलेलं. ते म्हणाले, "फीलर आण बघू." कपाचा पत्रा आतल्या मडगार्डला जिथे जोडतो तिथे त्यांनी काळ्या कोटिंगमधून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांपैकी, 0.5 मिलीमीटरची पात सारली. चाक खाली असताना पात अडकत होती. जॅक चढवला की पात आरामात आत-बाहेर. मामा एवढंच म्हणाले, "बार कशाला बांधतोस, कपच सुटलाय की."

पटाशीने कोटिंग उचललं. रबरासारखं सलग निघालं आणि त्याच्या पाठीला वाळलेल्या गाळाचा राखाडी थर तसाच चिकटलेला, तीन वर्षांपूर्वीच्या पंचगंगेचा. त्याखालचा पत्रा नखाने दाबला तर पापडासारखा मोडत होता. त्या सांध्यातल्या नऊ स्पॉटपैकी सात सुटले होते. उजवीकडे तेवढं नव्हतं. वरवरचा गंज, स्पॉट सगळे शाबूत. कोटिंग मारण्यात वाईट काहीच नव्हतं. ते ओल्या गाळावर मारलं, सांधे धुवून वाळवले नाहीत, म्हणून ओल आत बंद झाली आणि पत्रा आतून गेला.

पर्याय

पहिला पर्याय गाडी भंगारात देण्याचा. हा मी स्वतःहून मांडला आणि मनापासून मांडला. ज्या कपावर चाक उभं आहे तोच सुटत असेल तर ती गाडी घाटात न्यायची नाही, दुरुस्ती होईपर्यंत तर नाहीच. मालकाने तिथेच किल्ली माझ्याकडे दिली आणि पुढचे पाच आठवडे एसटीने गावाला गेला.

दुसरा पर्याय, एका ओळखीच्याने सुचवलेला: आतून पाईपांचा पिंजराच वेल्ड करून टाका. हा लगेच सोडला. रोजच्या गाडीत हेल्मेटशिवाय डोक्याजवळ लोखंडी पाईप म्हणजे अपघातात नवा धोका. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही.

तिसरा, नुसता सांधा दुरुस्त करायचा आणि बार विसरायचा. चौथा, सांधा दुरुस्त करून मग सरळ रेषेतला, नटबोल्टने बसणारा आणि काढता येणारा बार.

मी तिसऱ्याच्या बाजूने होतो. मालक चौथ्याच्या. शेवटी असं ठरलं की आधी सांधा करायचा, परत मोजायचं, आणि आकडा बघून बाराचा निर्णय घ्यायचा. या प्रकरणात चांगला निर्णय कुठला घेतला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. सांधा आणि बार एकदम केले असते, तर फरक कशाने पडला हे कधीच कळलं नसतं.

केलेलं काम

कापण्याआधी कप जागेवर धरून ठेवायला हवा होता. सांधा कापला की कप थोडा जरी सरकला, तरी चाकाची जागा कायमची बिघडते. म्हणून उजव्या कपापासून आणि मागच्या फायरवॉलपासून (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) अँगलचं फिक्स्चर करून डावा कप त्याला बोल्टने धरला. ओळंबा सोडून चार ठिकाणांच्या खुणा फरशीवर खडूने केल्या आणि तिरपी मापं दोन्ही बाजूंची ताडून घेतली. यात दीड दिवस गेला. वेल्डिंगला पाच तास लागले.

बॅटरी काढली, पेट्रोलचा पाईप सोडून बाजूला केला, शॉकअप बाहेर काढला. सडलेला पत्रा चांगल्या चकचकीत लोखंडापर्यंत कापला. 1.6 मिलीमीटरच्या सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचा तुकडा जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर कापलेल्या मापाप्रमाणे घडवला. त्याला 8 मिलीमीटरची भोकं पाडून भोकातून सीओटू वेल्डिंगने मूळ पत्र्याशी जोडला, म्हणजे कंपनीच्या स्पॉटसारखाच जोड. मामा एक टाका इथे, पुढचा लांब तिथे, असे मारत गेले, मध्ये हाताने पत्रा चाचपून गार झाला की नाही बघत. गॅसच्या ज्वाळेने जोडू नका असं मी सुरुवातीला सांगणार होतो. सांगायची गरज पडली नाही. नंतर झिंक प्रायमर, सांध्यात सीलर, आणि सीलर पूर्ण वाळल्यावर कोटिंग. काचेखालच्या पाण्याच्या नाळीत पानं आणि गाळ अडकला होता तोही काढला, कारण तिथलंच पाणी डाव्या कपावर पडत होतं.

अलाइनमेंट करून परत वाघबीळ. फट 0.7 मिलीमीटर. उजवं चाक फुटपाथवर चढवलं, डावं दार एका बोटाने लागलं.

इथे मी थांबायला तयार होतो. मालक म्हणाला, "काका, तुम्ही गणित केलंयच, तर सरळ बार करूनच बघू." मलाही पहिला बार मनाला लागला होता, हे खरं आहे.

सरळ बारासाठी एअर फिल्टरचा डबा ब्रॅकेट बदलून 30 मिलीमीटर पुढे घेतला. टोकाच्या प्लेटा आधी 5 मिलीमीटरच्या कापल्या होत्या. ठेवून बघितल्या तर नट बसल्यावर स्टडचा आटा नटाबाहेर येतच नव्हता. नट पूर्ण आट्यावर न बसणं ही अशा कामातली सगळ्यात वाईट चूक, कारण त्याच नटावर शॉकअप टांगलेला असतो. म्हणून प्लेट 3 मिलीमीटरची केली आणि वाकू नये म्हणून कडेला पट्टी उभी लावली. मग प्रत्येक नटाबाहेर दोन-तीन आटे दिसू लागले. नट नवे घेतले आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोरालाच, आवळले.

यावेळी बिजागरीची टोकं नकोत म्हणून पाईप प्लेटांना सरळ वेल्ड केला. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी असताना प्लेटा हाताने बसवून पाईप फक्त टॅक केला, म्हणजे छोट्या टाक्यांनी तात्पुरता धरला. पूर्ण वेल्डिंग बार काढून टेबलावर. गाडीवर वेल्ड केलं असतं तर शॉकअपच्या वरचं रबर आणि बेअरिंग भाजलं असतं. वेल्डनंतर बार परत ठेवला तेव्हा एक भोक अर्धा मिलीमीटर सरकलेलं निघालं. ओढून बसवण्यापेक्षा भोक कानशीने मोठं केलं, कारण ताणात बसवलेला बार कपाला कायम एकीकडे खेचत राहतो.

बॉनेट बंद केल्यावर बार आणि पत्रा यांच्यात किती जागा उरते ते डोळ्यांनी दिसत नाही. वर्कशॉपच्या शेजारणीकडून कणकेचा गोळा आणला, बारावर तीन ठिकाणी ठेवला, बॉनेट हळू लावून उघडलं. गोळे चपटे होऊन 22, 24 आणि 19 मिलीमीटरचे राहिले. 19 जिथे होते तिथे पाईप 5 मिलीमीटरने खाली घेतला. इंजिनही गिअर टाकताना आपल्या माउंटिंगवर डोलतं, त्याच्यासाठी खाली 25 मिलीमीटर मोकळं ठेवलं.

निकाल

सरळ बारासह फट 0.2 मिलीमीटर. आमच्या पद्धतीत 0.1 चा घोळ धरायलाच हवा, तरीही फरक आहे. पण आकडे शेजारी मांडले की दिसतं: 2.3 वरून 0.7 वर आणलं ते गंजलेल्या सांध्याच्या दुरुस्तीने, आणि 0.7 वरून 0.2 वर आणलं बाराने.

मालकाला गाडी चालवताना काय वाटलं हे मी मुद्दाम आकडे न सांगता विचारलं होतं. दुरुस्तीनंतर तो म्हणाला, "आता गाडी माझं ऐकतीय." बारानंतर म्हणाला, स्टीअरिंगला किंचित धार आलीय, पण गगनबावड्याच्या खराब पट्ट्यात हातात जास्त थरथर जाणवते. म्हणजे बाराने काही दिलं तसं काही घेतलंही. पुढच्या आठ महिन्यांत टायर दोन्हीकडे सारखे झिजले आणि अलाइनमेंटचा आकडा दोनदा तपासला तर तोच आला. 2023 चा पावसाळा गाडीने घाटात काढला. दसऱ्याला फीलरची पात त्याच सांध्यावर परत लावली, कुठेच शिरली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी जॅक लावला असता तर पहिला बार झालाच नसता. एवढंच नाही, त्या सहा आठवड्यांत मालक बायकोमुलांना घेऊन तीनदा घाट उतरला होता, सुटत चाललेल्या कपावर माझा ताणलेला बार बांधून. बाराने आवाज दाबला आणि इशारा देणारी खूणच गेली. हे आठवलं की मला आजही अस्वस्थ वाटतं. आता पुरात बुडालेल्या गाडीला कुणी काही जोडायला सांगितलं, की मी आधी कोटिंग उचलून सांधे बघतो, मग बोलतो.

विमा कंपनीला पत्र द्यायला आम्ही उशीर केला, बार बसवल्यावर दोन महिन्यांनी दिलं. गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असला तरी पत्र आधी जायला हवं होतं.

एका प्रश्नावर माझं आणि मालकाचं अजून एकमत नाही. दोन कप बांधले की एका बाजूला धडक बसली तर तिचा जोर बारातून दुसऱ्या कपावरही जातो, आणि एका बाजूची दुरुस्ती दोन बाजूंची होऊ शकते. 0.5 मिलीमीटरसाठी हे पत्करावं का? मालक म्हणतो घाटासाठी पत्करू. मी म्हणतो शहरात काढून ठेव. सध्या तो बार सहा नटांवर आहे, आणि पावसाळा संपला की मालक गाडी माझ्याकडे आणतो, आम्ही बार काढून भोकं आणि सांधे तपासतो आणि नट त्याच टॉर्कला परत आवळतो.